पाठीमागून नाटक बघणारा

हरूदादाला नाटक समोरून बघता यायचं नाही. थिएटरात पहिल्या रांगेत बसवलं तर पाच मिनिटांत त्याची चुळबूळ सुरू व्हायची, आणि मध्यंतराच्या आधीच तो विंगेतून मागे जाऊन कुठल्यातरी खोक्यावर बसलेला सापडायचा. स्वतःची नाटकं तर तो कायम मागूनच बसवायचा. तालमीला त्याची लोखंडी घडीची खुर्ची मागच्या भिंतीला टेकलेली असे. नट रिकाम्या हॉलकडे तोंड करून बोलत आणि हा कोरा चहा पीत त्यांच्या पाठी बघत बसे. नवीन आलेला नट गोंधळून मान वळवायचा.

"तिकडं बघ," हरूदादा म्हणायचा. "तोंडानं काय करतोस ते लोक बघतील. मी पाठ बघतो. रडताना पाठ हलली न्हाय म्हणजे तू रडत न्हायस."

हरूदादाला जाऊन आता वर्ष होईल. खांदा द्यायला अलिबागपासून मुरुडपर्यंतच्या नाटकवाल्यांची रीघ लागली होती. आमच्या गावातून खांद्याला मात्र आम्ही चौघंच पुढे झालो. चौघं पुरतात, हे वाक्य त्याच्या बापाचं. ते मी पुढे सांगेनच. त्याच्यावर लिहिण्याचा पहिला अधिकार माझा नाही, हे मला ठाऊक आहे. पण मला एक गोष्ट कबूल करायची आहे, आणि ती त्याच्यासमोर त्यानं मला कधी कबूल करू दिली नाही.

आमचं गाव थळच्या बाजूला आहे. नाव लिहीत नाही. लिहिलं की वाचणारा म्हणेल, ते गावच तसलं. आणि मग त्याचं स्वतःचं गाव सुटेल. हरूदादा सात वर्षांचा असताना गावानं त्याच्या घराला वाळीत टाकलं. कारण साधं होतं. आधीच वाळीत असलेला एक म्हातारा वारला. त्याच्या तिरडीला त्याचे दोन मुलगे आणि जावई मिळून तिघंच झाले. हरूदादाचे वडील, काशिनाथकाका, वाटेनं जाळं घेऊन चालले होते. त्यांनी जाळं खाली ठेवलं आणि चौथा खांदा दिला. "चौघं पुरतात," एवढंच म्हणाले म्हणे.

दुसऱ्या दिवशी गावकीनं, म्हणजे गावातल्या पाच मानकऱ्यांनी, त्यांना देवळासमोर बोलावलं. गळ्यात पंचा घालून, हात जोडून, तीनदा 'चुकलो' म्हणायचं आणि विषय संपवायचा, अशी रीत होती. काशिनाथकाका म्हणाले, "मेलेल्या माणसाला पोचवला. त्यात चुकलो काय, ते सांगा, मग बोलतो." ते कुणी सांगितलं नाही, आणि काका बोलले नाहीत. त्या पाचांपैकी एक माझे वडील. आम्ही त्यांना नाना म्हणतो.

तेव्हापासून त्या घराशी बोलणं बंद. दुकानात माल नाही, विहिरीवर पोहरा नाही, लग्नाचं आवतण नाही. घर गावाच्या कडेला, भरतीचं पाणी चढतं त्या खाजणाच्या बांधाजवळ होतं. ते जणू आणखी दूर सरकलं. मी तेव्हा वर्षाचाही नव्हतो. त्यामुळे मला तो नियम म्हणून कुणी शिकवला नाही. चुलीला हात लावायचा नाही, तसंच त्या घराशी बोलायचं नाही.

हरूदादा नट झाला तो त्या घरात. ही हकीकत मला त्याच्या आईनं, हिराबायनं सांगितली. पोरगा शाळेत जायचा, बाजारातून यायचा, येता-जाता लोकांचं बोलणं कानावर पडायचं. त्याच्याशी कुणी बोलत नसे, पण त्याच्यादेखत बोलायला बंदी नव्हती. संध्याकाळी हिराबाय भाकऱ्या थापत बसल्या की तो दारातून आत यायचा तो हरू म्हणून नाही. कधी किराणावाला होऊन यायचा, कधी मास्तर, कधी कोलीम, म्हणजे बारीक जवळा, विकणारी सुनंदा. सुनंदा म्हणजे हिराबायची माहेरपासूनची मैत्रीण. दोघी एकाच गावातून एकाच वर्षी लग्न होऊन आलेल्या. बंदीनंतर ती मान खाली घालून पुढे जायची.

"तो कमरेवर हात ठेवून उभा राहायचा," हिराबाय म्हणाल्या, "आणि सुनंदाच्या आवाजात इचारायचा, 'बरी हाय ना गं हिरा?' मी म्हणायची, 'बरी हाय गं बाय, तुजं गुडघं कसं हाय?' मग तो तिच्या सुनेची सगळी गाऱ्हाणी सांगायचा. खरी, हां! ऐकून आलेला असायचा. आमी दोगं हसायचो. सगला गाव घरात यायचा आमच्या. फुकट."

गावची जत्रा माघात. देवळासमोर मांडव पडायचा आणि गावातली पोरं नाटक करायची. रंगमंचाचं तोंड देवाकडे, म्हणजे पाठ खाजणाच्या बांधाकडे. मांडवात बसायला या घराला मनाई होती, पण बांध कुणाच्या बापाचा नव्हता. तिथं बसून, मागच्या पडद्याच्या फटीतून, हरूदादानं दहा वर्षं दहा नाटकं पाहिली. सगळी उलटी. राजाच्या पाठीला मारलेल्या टाचण्या, राणीच्या शालूखालची हाफपँट, आणि आत येण्याआधी छातीवर हात ठेवून उभा असलेला खलनायक. "त्याला घाम फुटलेला असायचा," हरूदादा सांगायचा. "आत गेला की गर्जना! मना तेव्हाच कललं, पम्या, की गावात सगले जण आत जाण्याआधी घाबरलेले असतात."

पम्या म्हणजे मी.

मी आठ वर्षांचा असताना खाजणात खेकडे धरायला गेलो आणि भरती चढली. चिखलात कमरेपर्यंत रुतलो. हरूदादा बांधावरून धावत आला, त्यानं माझ्या काखेत हात घालून मला उपसलं आणि बांधावर ठेवलं. एक चप्पल चिखलात राहिली होती, तीही काढून दिली. मी त्याच्याकडे बघितलं आणि एक शब्द न बोलता पळत सुटलो. आपण वागलो ते बरोबर, असंच मला वाटलं होतं. नियम पाळला होता. त्या संध्याकाळी त्यानं आईबापाला माझी नक्कल करून दाखवली: चिखलानं माखलेला, तोंड घट्ट मिटलेला, एका चपलेवर धावणारा पोरगा. पुढे मी त्याच्या नाटकमंडळीत गेलो तेव्हा पहिल्याच दिवशी तो सगळ्यांना म्हणाला, "ह्याची भूमिका मी केलीय. मुकी हाय, पण हशा घेते."

अलिबागच्या हायस्कुलात एका मास्तरांनी त्याला स्नेहसंमेलनात उभं केलं आणि तिथून तो सुटला. कॉलेजच्या एकांकिका झाल्या, मग मुंबईला गेला. व्यावसायिक नाटकात त्याला नोकराचं काम मिळालं: ट्रे घेऊन यायचं, ठेवायचा, जायचं. चौथ्या प्रयोगाला मुख्य नटानं तक्रार केली की हा जाताना लोक ह्याच्या पाठीकडे बघतात आणि माझं वाक्य पडतं. मालिकांत तो तीनदा हवालदार झाला आणि दोनदा मेला. पाचेक वर्षांनी परत आला आणि एका कारखान्यात वजनकाट्यावर लागला. भरलेले ट्रक काट्यावर चढवायचे, वजन लिहायचं, उतरवायचे. निवृत्तीपर्यंत त्यानं तेच केलं. ड्रायव्हर खाली उतरून कसा चालतो त्यावरून तो कुठून आला आणि किती तास झोपला नाही हे तो सांगायचा, आणि आम्हाला ती चाल संध्याकाळी तालमीत करायला लावायचा.

मुंबई का सोडलीस, असं मी एकदा विचारलं.

"तिथं मला कुणी वालीत टाकला न्हाय," तो म्हणाला. "पण वालीत टाकायला आधी ओळख लागते रे. इथं निदान लोक मला बघून तोंड फिरवत होते. तिथं तोंड फिरवायलाही कुणी थांबत नव्हतं."

त्याच्या तालमीत एक शब्द बंद होता. वाक्य विसरलं, चुकीच्या बाजूनं आत आलं, दुसऱ्याच्या पायावर पाय पडला, काही झालं तरी 'चुकलो' म्हणायचं नाही. 'पुन्हा' म्हणायचं, आणि मागे जाऊन परत सुरू करायचं. एका नवख्या पोरीनं एकदा कान धरून "चुकले हो सर" म्हटलं, तर हा खुर्चीवरून उठला. "कुणाला सांगतेस? मला? मी कोण? मागं जा. पुन्हा ये."

आम्ही मंडळी वीस वर्षं त्याच्या हाताखाली होतो. मी पंचायत समितीच्या कचेरीत नोकरी करून संध्याकाळी अलिबागला तालमीला जायचो. नानांना ते आवडत नसे, पण तोवर काळ बदलला होता. किराणावाला त्या घराला माल देऊ लागला होता, आणि पुढे सरकारनं वाळीत टाकण्याविरुद्ध कायदाही केला. बंदी उठवली मात्र कुणीच नाही. ती नुसती विरत गेली, आणि विरलेल्या गोष्टीची माफी कुणी मागत नाही. काशिनाथकाका त्याआधीच वारले होते. हिराबाय बांधाजवळच्या घरातच राहत होत्या.

हरूदादाची एकच इच्छा होती, आणि ती आम्हा सर्वांना ठाऊक होती. गावच्या जत्रेत, देवासमोरच्या त्या रंगमंचावर, आपलं नाटक करायचं. आणि आईनं ते मांडवात, समोर बसून बघायचं.

नऊ वर्षांपूर्वी तो योग आला. मी जत्रेच्या कमिटीचा सेक्रेटरी होतो. हरूदादाला तोवर राज्यभरच्या स्पर्धांत बक्षिसं मिळाली होती, तरुण पोरांना त्याचं नाटक हवं होतं. मी गावकीकडे गेलो. पाचांपैकी दोघं उरले होते, त्यातले एक नाना. ते म्हणाले, "येऊ दे. नारळ त्याच्या हातात आम्ही देऊ. फक्त देण्याआधी बापाच्या वतीनं एकदा म्हणावं. तीनदा न्हाय, एकदा. म्हणजे आमचंही राहील."

मी म्हणालो, "म्हणेल की. एक शब्द तर आहे."

मग मी हरूदादाकडे गेलो. त्यानं विचारलं, "काही मागतायत का?"

मी म्हणालो, "काही नाही रे. नारळ देणार, आपण नाटक करायचं."

दोन दिवसांत दोन्हीकडे खोटं बोललो आणि मला त्यात काही वाटलं नाही. आम्हा नाटकवाल्यांची एक खोड असते: आयत्या वेळी सगळं निभावतं, अशी आमची श्रद्धा असते. दार उघडलं नाही तर खिडकीतून येऊ, तलवार मोडली तर हातानं मारू. मी माझ्या माणसाच्या आयुष्यालाही तोच हिशेब लावला.

नाटक त्यानंच लिहिलेलं होतं. दोन भाऊ, एक वाडी, आणि खूप वर्षांनी घरी आलेला धाकटा. धाकट्याचं काम माझं होतं. संध्याकाळी ऊन उतरताना मांडव भरला. हिराबाय नवं लुगडं नेसून आल्या, पण मांडवात शिरेनात. "नारळ हातात पडला की येते," म्हणाल्या, आणि सवयीनं बांधावर जाऊन बसल्या. हरूदादा रंगमंचावर आला. नाना नारळ घेऊन वर चढले. नारळ पुढे केला आणि म्हणाले, "बोल."

हरूदादाला कळलं नाही. "काय बोलू, काका?"

"पम्यानं सांगितलंय ना तुला. तो शब्द."

हरूदादानं माझ्याकडे बघितलं. मी धाकट्या भावाचा रंग लावून विंगेत उभा होतो. मी मान खाली घातली. दहा वर्षं फटीतून पाठी बघितलेल्या माणसाला त्यातून सगळं कळलं असणार.

तो चिडला नाही. नानांना म्हणाला, "नारल राहू दे, काका. देवाला ठेवा." मग वळून मंडळींना म्हणाला, "मागचा पडदा सोडा. खुर्च्या फिरवा. नाटक तिकडं तोंड करून."

पडदा सुटला. पलीकडे बांध, खाजणातलं चमकणारं पाणी, आणि बांधावर एकटी बसलेली म्हातारी. मंडळींनी सामान फिरवलं. मला अजून वेळ होता. दहा पावलं टाकली असती तर मी माझ्या जागेवर होतो. नाना मांडवात जाऊन बसले आणि त्यांनी शेजारची खुर्ची मला हातानं दाखवली. मी रंग लावलेल्या तोंडानं खाली उतरलो आणि त्या खुर्चीत बसलो. का बसलो, याची कारणं नऊ वर्षांत मी पुष्कळ शोधली. त्यातलं एकही धड नाही.

नाटक सुरू झालं आणि मांडवातल्या चारशे माणसांना फक्त पाठी दिसू लागल्या. पहिली पाच मिनिटं कुणी हललं नाही. मग मधल्या रांगेतून एक म्हातारी उठली, गुडघ्यावर हात टेकत रंगमंचाला वळसा घालून बांधावर गेली. ती सुनंदा. हिराबायच्या शेजारी बसली. नट मध्येच थांबले होते, म्हणून सगळ्यांना ऐकू आलं.

"बरी हाय ना गं, हिरा?"

हिराबायनी तिच्याकडे नीट बघून घेतलं. मग म्हणाल्या, "बरी हाय. पन माजा हरू तुज्यापेक्षा चांगली सुनंदा करतो."

त्यानंतर लोक उठू लागले. आधी बायका, मग तरुण पोरं, मग खुर्च्या डोक्यावर घेऊन सगळेच. शेवटी मांडवात आम्ही पाच-सहा जण उरलो आणि बांधावर जागा उरली नाही. माझा प्रवेश आला. मोठा भाऊ, म्हणजे हरूदादा, दाराकडे वळून म्हणाला, "आलास?" मी दहा पावलांवरच, पण त्याच्या पाठीमागे मांडवात बसलो होतो. त्यानं माझं काम दुसऱ्या कुणाला दिलं नाही. धाकट्याच्या जागी एक स्टूल ठेवलं. त्या स्टुलाशी तो बोलला, आणि प्रत्येक वाक्यानंतर, उत्तराला लागेल तेवढा वेळ थांबला. ते थांबणं त्यानं घरी शिकलेलं होतं.

मी तालमीला जाणं सोडलं. चार वर्षं त्याच्या वाटेला गेलो नाही. मग एकदा स्पर्धेचा निकाल वाचला. त्याच नाटकाला दिग्दर्शनाचं पहिलं बक्षीस. रिकाम्या स्टुलाचं परीक्षकांनी खास कौतुक केलं होतं. त्या संध्याकाळी मी अलिबागला, तालमी चालायच्या त्या शाळेच्या हॉलमध्ये गेलो. तो भिंतीला टेकून खुर्चीत होता, हातात कोरा चहा.

"या," तो म्हणाला. "पम्या, तुझ्या नसण्याला बक्षीस मिलालं. ढाल न्यायची तर ने घरी."

मंडळी हसली. मला हसता येईना. मी त्याच्यासमोर गेलो, हात जोडले आणि म्हणालो, "हरूदादा, मी चुक..."

"ए!" त्यानं खुर्चीवरून बोट दाखवलं. "तो शब्द इथं न्हाय. माझ्या बापानं म्हटला न्हाय, तो मी तुझ्याकडून घेऊ?"

"मग काय करू?"

"पुन्हा ये. दारातून."

मी बाहेर गेलो आणि दारातून पुन्हा आत आलो. मला वाटलं, आता तो धाकट्याचं काम परत देईल. मी तसं विचारलंही.

"छे," तो म्हणाला. "स्टूल तुझ्यापेक्षा बरं काम करतं. वेल पालतं. तू पडदा ओढ."

मी पडदा ओढू लागलो. दोरी मागच्या बाजूला, त्याच्या खुर्चीशेजारी होती. चार वर्षं मी तिथं उभा राहिलो, आणि ज्या नाटकातून मी उठून गेलो होतो ते मागून पाहिलं. मागून पाहिलं की समोर बसलेल्या लोकांची तोंडं दिसतात, हे मला तोवर माहीत नव्हतं.

शेवटचा प्रयोग नागावात झाला, एका शाळेच्या पटांगणात. हरूदादाची तब्येत बरी नव्हती, मोठ्या भावाचं काम त्यानं एका तरुणाला दिलं होतं. प्रयोगाला दहा मिनिटं असताना मागच्या बाजूनं काठीचा आवाज आला. नाना होते. चौऱ्याऐंशी वर्षांचे, नातवाच्या मोटारसायकलवर बसून आले होते. मला ते सांगून आले नव्हते. समोर रांगा लावलेल्या असताना ते पाठीमागे आले, म्हणजे कशासाठी आले ते मला कळलं आणि हरूदादालाही.

नानांनी काठी दोन्ही हातांत धरली. "हरेश्वर," ते म्हणाले. पुढे ओठ हलले, पण आवाज येईना. तो शब्द आयुष्यभर दुसऱ्यांकडून म्हणवून घेतला होता. स्वतः कधी म्हटला नव्हता.

मी दोरी हातात घेऊन उभा होतो. हरूदादानं त्यांना तो म्हणू दिला असता तर कुणी त्याला बोल लावला नसता. मी तर वाट बघत होतो.

"उभे काय, काका," तो म्हणाला. आपल्या खुर्चीतून उठला, रुमालानं ती पुसली आणि नानांच्या मागे सरकवली. "बसा."

नाना बसले. थोड्या वेळानं म्हणाले, "इथून काय दिसतं?"

"पाठी दिसतात, काका. बसून बघा. सवय होते."

त्यानं मला मान हलवून खूण केली. मी पडदा ओढला. उजेड आला, पुढे माणसं दिसली, आणि खुर्ची देऊन टाकल्यामुळे हरूदादाला टेकायला काही उरलं नव्हतं. तो नानांच्या दोन पावलं पुढे, विंगेच्या कडेला उभा राहिला. स्टुलाचा प्रवेश आला. तरुण नटानं विचारलं, "आलास?" आणि थांबला. मला हरूदादाचा चेहरा दिसत नव्हता. फक्त घामानं चिकटलेला पांढरा सदरा आणि त्याखालची पाठ. ती हलत होती.